चुगलीचं बटण

नऊ वर्षं रिकामी असलेल्या यादीत तीन ओळी आल्या होत्या. सोमवारी जेवण आटोपून तो टेबलाशी येऊन बसला, दर सोमवारच्या सवयीने ती खिडकी उघडली, सवयीनेच बंद करायला बोट पुढे नेलं, आणि बोट माउसवर तसंच राहिलं. नऊ चाळीस, हवामान. दहा वीस, शब्दकोडं. अकरा वाजून सात, आणि त्यापुढे एक पत्ता. शेजारच्या टेबलावरच्या कुणाला दाखवल्या असत्या तर त्याने जांभई देत विचारलं असतं, मग? या इमारतीत दिवसाला अशा कोट्यवधी ओळी येतात नि जातात, तीन ओळींचं काय घेऊन बसलास? पण त्याने खुर्ची पुढे ओढली. बंद कपाटातून कुणी खोकावं तसं झालं. ही यादी रिकामी राहण्यासाठीच होती. रिकामं राहणं हेच तिचं काम, आणि ते ती इमानेइतबारे करत आली होती. पहिल्या दोन ओळी त्याने पुन्हा वाचल्या, तिसरीकडे बघायचं टाळलं, मग तीही वाचली. चहा आणायला उठला आणि चहा न घेताच परत आला.

तो ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत होता. बाहेर कुणाला हे सांगितलं की समोरचा म्हणायचा, ते तर कॉम्प्युटरबरोबर आपोआपच येतं ना? त्यावर तो हो म्हणून मोकळा व्हायचा. लोकांना ब्राउझर दिसत नाही, ब्राउझरमधून दिसतं ते दिसतं, आणि त्यांना ब्राउझरमधून कोण बघतंय हे तर त्याहून दिसत नाही. वेबपानावरच्या लिंकला एक छुपी चिठ्ठी जोडता येते. तुम्ही लिंक दाबता, तुम्हाला हवं ते पान उघडतं, आणि त्याच क्षणी तुमचाच ब्राउझर तिसऱ्या कुणाला तरी गुपचूप कळवतो की अमक्या मशीनवरून तमक्या वेळी हे दाबलं गेलं. पडदा हलत नाही, चक्र फिरत नाही, काही म्हणजे काही दिसत नाही. टीममध्ये याला चुगली म्हणत. ही चुगली बंद करायचं बटण नऊ वर्षांपूर्वी त्याने लिहिलं होतं. सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली, जिथे सहसा कोणी उतरत नाही अशा जागी ते होतं. ते खरोखर चालतं का हे बघायला त्याने आईचं पान वापरलं. आईला पत्ते टाइप करायचा कंटाळा, म्हणून त्याने तिला रोज लागणाऱ्या लिंका एका पानावर मोठ्या अक्षरांत मांडून दिल्या होत्या. प्रत्येक लिंकला त्याने एकेक चुगली जोडली, टेबलाखालच्या एका जुन्या मशीनवर पोचणारी, आणि मग आईच्या ब्राउझरमधलं बटण फिरवून चुगल्या बंद केल्या. आई रोज क्लिक करायची, यादीत काही यायचं नाही. ती शांतता म्हणजे त्याच्या कामाची पावती होती. चाचणी संपल्यावर चुगल्या काढून टाकायला हव्या होत्या. त्या राहून गेल्या त्या राहूनच गेल्या.

आणि टीमची एक रीत होती. नवी आवृत्ती जगात जायच्या आधी प्रत्येकाने ती आपल्या घरच्या एका माणसाच्या कॉम्प्युटरवर घालायची आणि काय मोडतं ते बघायचं. या माणसाला ससा म्हणत. कुणाचा ससा सासरा, कुणाचा ससा बायको. "माझा ससा बाहत्तर वर्षांचा आहे आणि तोच मला ओरडतो," असं तो सांगायचा आणि सगळे हसायचे. काल रविवारी तो आईकडे जाऊन नवी आवृत्ती घालून आला होता. या आवृत्तीत ते बटण नव्हतं. नसणार हे त्याला ठाऊक होतं. बटण काढायचं ठरलं त्या बैठकीत तो स्वतः बसला होता, मान डोलावण्याइतका जागा होता. पण ठरणं वेगळं आणि ओळ येणं वेगळं. आईच्या मशीनवर चुगल्यांचं दार उघडलं होतं आणि ते उघडणारा हात त्याचाच होता.

तिसरी ओळ ताईच्या पानाची होती. ताई त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, दुसऱ्या शहरात राहते, मातीची भांडी घडवते आणि स्वतःच्या भट्टीत भाजते. सहा वर्षांपूर्वी बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्याने तिला फोन करून ये म्हटलं. ती म्हणाली, भट्टी लावलीय, अर्ध्यात सोडता येत नाही, रविवारी पोचतेच. बाबा शुक्रवारी गेले. रविवारी ताई हातात बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आई तिच्याकडे न बघता एवढंच म्हणाली, "तुझी मडकी सांभाळ." तिथून पुढे दोघींत अवाक्षर नाही. ताईने वर्षभर फोन केले, आई उचलून ठेवून द्यायची. मग ताईही थांबली. हट्टाला तीही काही कमी नव्हती. आईसमोर तिचं नाव निघालं की आई उठून स्वयंपाकघरात जायची आणि नळ सोडायची. भांडी असोत नसोत, पाणी धो धो वाहायचं, विषय बुडेपर्यंत. त्या दोघींच्या मध्ये तो इतकी वर्षं निरोप नसलेल्या पोस्टमनसारखा उभा होता. पाच वर्षांपूर्वी एकदा आईच्या मशीनवर काहीतरी दुरुस्त करताना त्याने शब्दकोड्याच्या खाली ताईच्या पानाची लिंक घालून ठेवली, बाकीच्यांसारखीच, तीही चुगलीसकट. आईला सांगितलं नाही. आईही काही बोलली नाही. तिने पाहिलंच नसेल, असं त्याने धरून चाललं होतं.

मंगळवारी अकरा वाजून चार. बुधवारी अकरा वाजून नऊ. गुरुवारी तो साडेदहापासून खिडकी उघडी ठेवून बसला, समोर दुसरंच काम पसरून, परीक्षेत पुस्तकाआड काही लपवावं तसा. अकरा वाजले. आता आईने चहाचा कप धुऊन पालथा घातला असेल. आता खुर्ची ओढली असेल. अकरा वाजून सहा मिनिटांनी ओळ आली आणि त्याला एकदम असं वाटलं की आपण आईच्या खोलीत पडद्यामागे उभे आहोत. आणि तरी लाजेबरोबरच एक आनंदही होता, खराखुरा, डोळ्यांत पाणी आणणारा. म्हणजे ती बघते. नळ सोडणारी ती, रोज बघते. हे ताईला सांगितलं तर? एक फोन. ताई, आई रोज अकरा वाजता तुझी भांडी बघते. पुढच्या गाडीने येईल ती. सहा वर्षांची गाठ एका वाक्यात सुटेल. त्याने फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं, ठेवला. गाठ सुटेल, पण आईचा चेहरा कसा होईल? तुला कुणी सांगितलं, असं ती विचारेल. आणि त्याचं उत्तर काय, तर तुझ्याच मशीनने.

त्याच संध्याकाळी त्याने आईला फोन केला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "नवीन ब्राउझर बरा चाललाय ना? लिंका सगळ्या उघडतात?"

"मी कुठे सगळ्या उघडते? हवामान आणि शब्दकोडं. बाकीचं तू उगाच भरून ठेवलंयस."

"बरं," तो म्हणाला. आईला खोटं बोलताना त्याने आयुष्यात पहिल्यांदाच पकडलं होतं, आणि पकडला गेल्यासारखं मात्र त्यालाच वाटत होतं.

आई चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. समोर भोकाभोकांचा उंच फळा, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. परगावचा फोन मागणारा नंबर सांगायचा, आई एक दोरी इकडे खुपसायची, एक तिकडे, आणि पलीकडून हॅलो ऐकू आलं की समोरची एक छोटी कळ मागे घ्यायची. कळ पुढे असेपर्यंत ऑपरेटरला सगळं ऐकू येतं. मागे घेतली की बोलणाऱ्यांचं बोलणं त्यांचं. लहानपणी शाळा लवकर सुटली की तो तिथे जाऊन तिच्या स्टुलापाशी बसायचा. तिचा उजवा कान घरी आल्यावरही तासभर लाल असायचा. एकदा त्याने विचारलं होतं, तू ऐकत नाहीस का गं कुणाचं? आई म्हणाली होती, "कान घरी ठेवून जाते मी कामावर." पुढे ही नोकरी धरताना, हे बटण लिहिताना, त्याच्या मनात ती कळ होती की नव्हती हे त्याला सांगता आलं नसतं. आणि ताईची लिंक घातल्यानंतर थोड्याच दिवसांनी आईने त्याला विचारलं होतं, पाठ करून, मटार सोलत, "मी इथे काय दाबते ते कुणाला कळतं का रे?" त्याला वाटलं, फसवणुकीच्या बातम्या वाचून घाबरली असेल. तो ऐटीत म्हणाला, "कुणालाही नाही. मुलगा कशाला आहे तुझा? ते बटण मीच लिहिलंय." आई क्षणभर थांबली, "बरं" म्हणाली आणि पुन्हा मटार सोलायला लागली. हुश्श झालं असेल तिला, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

शुक्रवारी पाच वाजेपर्यंत सही करायची होती. ज्याने एखादी गोष्ट लिहिली त्याच्या मंजुरीशिवाय ती जगात जाणाऱ्या आवृत्तीतून काढायची नाही, असा कंपनीचा शिरस्ता होता. फाशीच्या दोरखंडाला आधी आईबापांनी हात लावावा, तसलाच प्रकार. चार वाजता टीमचा प्रमुख त्याच्या टेबलाच्या कोपऱ्यावर येऊन टेकला. त्याला सगळे टक्के म्हणायचे, कारण टक्केवारी सांगितल्याशिवाय तो पाणीसुद्धा पीत नसे.

"अडलंय कुठे? हजारात एक माणूस ते बटण वापरतो. शून्य पूर्णांक एक दशांश टक्का."

"त्या एकाला आपण शब्द दिलाय."

"कसला शब्द? बटण फिरवलं म्हणून साइटवाले गप्प बसतात का? चुगली बंद झाली की ते दुसऱ्या वाटेने माग काढतात. लिंक आधी स्वतःच्या दारावरून फिरवून नेतात, पान उघडायला उशीर होतो, माणूस वैतागतो आणि कळायचं ते कळतंच. चुगली निदान झटपट होते."

"म्हणजे चोर येणारच आहे, तर कडी काढून ठेवा, निदान दार तरी मोडणार नाही."

टक्के मनापासून हसला. तो वाईट माणूस नव्हता. "हे बघ," तो आवाज खाली आणून म्हणाला, "तुझं बटण लोकांना लपवत नव्हतं. लपलोय असं वाटायला लावत होतं. तेवढंच काढतोय आपण."

तो खिडकीबाहेर बघत बसला. समोरच्या इमारतीत एक बाई कुंडीला पाणी घालत होती, इतकं की ते खालच्या गॅलरीत ठिबकत होतं. लपलोय असं वाटणं आणि लपणं यांत फरक नसेल तर मग आई गेली पाच वर्षं काय करत होती? तिला आपण लपलोय असं वाटत होतं म्हणूनच तर ती तिथे जाऊ शकत होती. ते खोटं समाधान काढून घेतलं तर खरं काय उरणार? पाचला दहा मिनिटं असताना त्याने सही केली. दुसऱ्याने काढलं असतं तर जास्त वाईट वाटलं असतं, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि ते त्याला तेव्हाही पटलं नाही.

शनिवारी दुपारी तो आईकडे गेला तो कबुली द्यायचीच असं ठरवून. निदान एवढं तरी सरळ करावं. आई खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होती. कॉम्प्युटरवर नेहमीचं निळं कापड टाकलेलं होतं. सकाळची सहावी ओळ, अकरा वाजून पाच, त्याने रस्त्यात फोनवरच पाहिली होती.

"आई, तुझ्या कॉम्प्युटरवरचं ते बटण आता राहिलेलं नाही."

"कुठलं?"

"तू काय दाबतेस ते कुणाला कळू न देणारं."

आईने सुई कापडात टोचून ठेवली. "मग आता कळतं?"

"कळतं."

"कुणाला?"

"ज्याने लिंक लावली त्याला."

"लिंका तू लावल्यास."

एक्स्चेंजमधल्या बाईला दोन दोऱ्या जोडायला वेळ लागत नाही. आई म्हणाली, "किती दिवस?"

"सहा."

तिने मनात काहीतरी मोजलं. रागावली नाही. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती बोलली, त्याच्याशी नव्हे, त्या निळ्या कापडाशी बोलावं तशी. "एक बाई होती. दर गुरुवारी दुपारी एकाच नंबरला फोन मागायची. तीन मिनिटं. एकदा मी कळ मागे घेतली नाही. दोघंही काही बोलत नव्हते. नुसतं कशी आहेस, कसा आहेस, आणि मग गप्प. पुढच्या गुरुवारी तिने नंबर मागितला तेव्हा मी म्हटलं, लावते हं. बस, एवढंच. पण त्या हं-मध्ये तिला कळलं. तिथून पुढे तिचा फोन कधी आला नाही." तिने कापडात टोचलेली सुई पुन्हा हातात घेतली. "आपल्याला माहीत असलेलं आवाजात उतरतं रे. परवा फोनवर तू ब्राउझर कसा चाललाय विचारलंस ना, तेव्हाच मला वाटलं होतं."

"मी काढून टाकतो सगळं," तो म्हणाला.

"असू दे. जेवून जा."

त्याने चुगल्या काढल्या नाहीत. काढायला बसला आणि न काढताच उठला. रविवारी यादीत काही आलं नाही. सोमवारी हवामानसुद्धा आलं नाही, शब्दकोडंसुद्धा नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. यादी पुन्हा नऊ वर्षं होती तशी झाली, पांढरी, गप्प, आणि त्या गप्पपणाला आता तो पावती म्हणू शकत नव्हता. अकरा वाजायला आले की त्याला ऑफिसात बसवत नसे. तो जिन्यात जाऊन उभा राहायचा, वर जायचा, खाली यायचा, परत येऊन बघायचा. खरं बोललो, दुसरं काय केलं, असं तो स्वतःशी म्हणायचा. पण ते खरं आईसाठी बोललो की आपल्या पोटात मावेना म्हणून ओकून टाकलं? लेकीला भेटायची तिची एकच जागा होती, दिवसाची दोन मिनिटं, आणि त्या जागेवर त्याने जाऊन दिवा लावला होता.

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला फोन वाजला. ताई. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"बारक्या, आई बरी आहे ना?"

"बरी आहे. का गं?"

"नक्की ना? पडलीबिडली नाही ना? मला सांगायचं नाही असं काही ठरवलेलं नाही ना तुम्ही?"

"नाही गं. झालं काय?"

पलीकडे चाक थांबल्याचा आवाज आला. "माझ्या पानाला ती मोजणी असते ना, कोण कुठून किती वाजता आलं. तुला माहितीच असणार, तुमचाच धंदा. पाच वर्षं रोज अकराच्या सुमाराला आपल्या गावातून एक जण येतो. दोन मिनिटं थांबतो, जातो. सणवार नाही, रविवार नाही. शनिवारनंतर आलेला नाही. आज पाचवा दिवस."

आलेल्याची पावलं त्या साइटला दिसतातच, ती त्याच्या बटणाने कधीच झाकली जात नव्हती. धंद्याचा पहिला धडा होता तो. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. आणि तरी तो नऊ वर्षं आपल्या एका छोट्या बटणाकडे असा बघत बसला होता की घराला दुसरं दारच नाही. "कुणालाही नाही," त्याने आईला सांगितलं होतं, ऐटीत. आणि ती थांबली होती, आणि बरं म्हणाली होती. चौतीस वर्षं दोऱ्या जोडणारी बाई, पलीकडे फोन लागतो का, एवढंच तर विचारत होती. ते बरं आता पहिल्यांदा त्याच्या कानात नीट वाजलं. त्यात हुश्श नव्हतं. तिला नाही हे उत्तर नको होतं.

"कोण वाटायचं तुला?" त्याने विचारलं.

"वाटायचं काय त्यात. म्हणून तर रोज साडेदहाला नवा फोटो टाकते. भांडं झालेलं नसलं तर मातीच्या गोळ्याचा. फुटलं तर फुटलेल्याचा." ती हसायला गेली आणि जमलं नाही. "आजही टाकलाय. म्हटलं, बघू."

फोन ठेवल्यावर तो एक मिनिटही थांबला नाही. आईने तिसऱ्या घंटेला उचलला.

"आई, मी तुला पाच वर्षांपूर्वी चुकीचं सांगितलं होतं."

"कशाबद्दल?"

"कुणाला कळतं का म्हणून तू विचारलं होतंस. ताईला कळायचं. बटण असतानासुद्धा. पहिल्या दिवसापासून."

तो नळाच्या आवाजाची वाट बघत राहिला. आता पाणी सुटेल, धो धो, आणि त्याखाली हेही बुडेल. पाणी सुटलं नाही.

"रोज?" आई म्हणाली.

"रोज. तू यायच्या आत, साडेदहाला, ती नवा फोटो टाकते. पाच वर्षं. शनिवारनंतर तू गेली नाहीस तर आत्ता मला फोन करून विचारत होती, आई बरी आहे ना."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि कापड ओढून बाजूला केल्याचा. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत सुरू झाला.

"आज टाकलाय?"

"मी बघितलेला नाही," तो म्हणाला. समोर यादी उघडी होती, पांढरी. तो फोन कानाशी धरून वाकला, टेबलाखाली गुडघ्यांवर बसला, धुळीत चाचपडत त्या जुन्या मशीनची वायर शोधली आणि उपटून हातात घेतली. मशीनचा हिरवा दिवा विझला. अकराला अजून चार मिनिटं होती.

"आई?"

"हं," आई म्हणाली. "आता तू फोन ठेव."

त्याने ठेवला.